घड्याळ नसताना वेळ कशी कळायची? खापरपणजोबांच्या पत्रिकेतल्या १७ घटी २२ पळांवरून प्रश्न

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. वाईजवळ आमचं जुनं घर आहे, त्याचं छप्पर गेल्या महिन्यात उतरवलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत कागदांचं एक बोचकं सापडलं. त्यात खापरपणजोबांची जन्मपत्रिका निघाली. वीतभर रुंदीच्या कागदाची लांबच लांब गुंडाळी, वर गणपती काढलेला, कडेला हळदीकुंकवाची बोटं उमटवलेली, अजून रंग आहे त्याला. शके १७९३ प्रजापती नाम संवत्सरे, चैत्र शुद्ध एवढं स्वच्छ वाचता येतं आणि तिथीवरच नेमकं कधीतरी पाणी पडून शाई पसरलीय. पुढे पुनर्वसू नक्षत्र आणि मग "श्रीसूर्योदयात् गत घटी १७ पळे २२".

शके १७९३ म्हणजे १८७१ साल. आता मला सांगा, त्या वेळी आमच्या गावात घड्याळ कुठून असणार, आणि हे लोक १७ घटी नुसतं म्हणत नाहीत तर वर २२ पळे पण सांगतात! हे मोजलं कसं? आजच्या घड्याळात ही वेळ किती होते? आणि पत्रिका जाऊ दे, साध्या माणसाला वेळ कशी कळायची, म्हणजे बाजाराला निघायचं, शाळेत जायचं, कोणाला अमुक वाजता भेट म्हणून सांगायचं तर काय सांगायचे?

दुसरं एक, त्याच बोचक्यात शके १८०४ चं एक मोडी पत्र आहे, ओळखीच्यांकडून वाचून घेतलं. खापरपणजोबांचे वडील मुंबईला गेले होते तिथून लिहिलंय. त्यात ते लिहितात की इथे वेळा दोन आहेत, शहराची निराळी आणि आगगाडीची निराळी, आणि त्या घोळात त्यांची गाडी निघून गेली. हे काय प्रकरण आहे ते कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

पंतोजी

कृष्णाकाठ, फार सुंदर कागद हाती लागलाय तुमच्या, आधी तो गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती कापडात ठेवा.

हिशोब सोपा आहे. दिवस-रात्र मिळून ६० घटका (पत्रिकेतली घटी ती हीच), एक घटका म्हणजे ६० पळं. त्यामुळे घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचं. अडीच घटका म्हणजे एक तास आणि अडीच पळं म्हणजे एक मिनिट, हे एवढं डोक्यात ठेवलं की कुठलीही जुनी पत्रिका सोडवता येते. तुमचे १७ गुणिले २४ म्हणजे ४०८ मिनिटं, २२ पळांची साधारण ९, एकूण ४१७ मिनिटं. सूर्योदयानंतर ६ तास ५७ मिनिटांनी जन्म. मोजणी सूर्योदयापासून असते, मध्यरात्रीपासून नाही, त्यामुळे त्या दिवशीचा त्या गावचा सूर्योदय घ्यायचा आणि त्यात हे मिळवायचं. चैत्र शुद्ध म्हणजे त्या वर्षी मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलची सुरुवात. वाईला मार्चअखेर आजच्या घड्याळाने साडेसहाच्या सुमाराला सूर्य उगवतो, म्हणजे दुपारी साधारण १ वाजून २५-२७ मिनिटं.

मोजायचे कसे तर घटिकापात्राने. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक, आणि ती पाणी भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायची. भोकातून पाणी आत चढत जातं आणि वाटी भरली की बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. उचलायची, पाणी ओतायचं, परत सोडायची आणि कुंकवाचं एक बोट भिंतीवर किंवा पाटावर ओढून ठेवायचं म्हणजे मोजणी चुकत नाही. सूर्य अर्धा वर आला की पहिली वाटी सोडायची. दिवसा जोशाकडे शंकू पण असायचा, बारा अंगुळांची काडी, तिची सावली मोजून दिवस किती वर आला ते काढता येतं. आपण "घटका भरली" म्हणतो, "शेवटच्या घटका मोजतोय" म्हणतो, ते शब्दशः त्या वाटीवरून आलंय. भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट लहानपणी ऐकली असेल, लग्नाच्या घटिकापात्रात मोती पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळला. आख्यायिकाच आहे ती, पण त्यातली वाटी खरी आहे.

मोठ्या गावात, किल्ल्यावर, संस्थानिकांच्या वाड्यावर घटका मोजायला माणूस बसलेला असायचा आणि तो काशाच्या थाळीवर टोले द्यायचा. त्या थाळीला तास म्हणायचे. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तास शब्दाचा हा अर्थ आहे बघा, ठोकायची धातूची थाळी. आपण आज ज्याला तास म्हणतो तो मुळात त्या थाळीचा आवाज आहे. दुपार हा शब्द पण तसाच, दोन प्रहर. मोडी कागदांत "दोन प्रहरी" असंच येतं. आणि प्रहर काही कायम तीन तासांचा नसायचा, दिवसाचे चार भाग म्हणजे चार प्रहर, त्यामुळे तुमच्या भागात थंडीत दिवसाचा प्रहर जेमतेम पावणेतीन तासांचा आणि उन्हाळ्यात सव्वातीन तासांच्या वर.

फक्त एक सांगतो, पळांवर फार जीव टाकू नका. घटका बरोबर असते, पळं बऱ्याचदा अंदाजाची.

माणदेशी

राम राम. पंतोजींनी वाड्यावरचं आणि जोशाचं सांगितलं पण आमच्याकडं वाड्यात घंगाळ घेऊन बसायला कोण होतं, आमच्या घरात माझ्या आज्याच्या पिढीपर्यंत घड्याळ नव्हतं आणि कुणाचं काही अडलं नाही, म्हणून मी कुणब्याच्या घरातलं सांगतो.

आज्जी सकाळ कधीच वाजण्यात सांगायची नाही. कोंबडं आरवलं, झुंजुमुंजु झालं, तांबडं फुटलं, मग दिवस कासराभर वर आला. कासरा म्हणजे बैलाचा दोर, क्षितिजापासून दिवस दोराच्या लांबीएवढा वर आल्यासारखा दिसला की कासराभर. तेवढ्यात औत जुंपलेलं पाहिजे. मग न्याहारीची वेळ, दिवस डोक्यावर आला की सोडायची वेळ, उन्हं कलली, गुरं परतली, दिवेलागण, तिन्हीसांज, जेवणं झाली, सामसूम झाली. एवढ्या खुणा एका दिवसात आहेत आणि प्रत्येकीला काम ठरलेलं, म्हणजे दुसऱ्या गावच्या माणसाला "दिवेलागणीला ये" म्हटलं तरी त्याला बरोबर कळायचं. सावली पावलांनी मोजायचे, आपल्याच सावलीच्या टोकाला खूण करायची आणि पावलं टाकत जायचं, गुराखी पोरं यात पटाईत असायची.

रात्रीचं तर अजून भारी. विहीर सामाईक असली की मोटेच्या पाळ्या, आणि पाळी रात्रीची पण असायची. आमचा आजा सांगायचा त्याच्या आज्याचं, की थंडीत तिकांडं बघायचे, तीन तारे एका ओळीत असतात ते, आणि सप्तर्षीला आमच्याकडं बाज म्हणतात, बाजल्यासारखी दिसते म्हणून. तिकांडं डोक्यावर आलं की एकाची पाळी संपली, दुसऱ्याला उठवायचं. पहाटे शुक्राची चांदणी. तारा रोज थोडा लवकर उगवतो हे पण त्यांना माहीत होतं, त्यामुळं महिन्याभरानं खूण बदलायची, आज डोक्यावर तर पुढच्या महिन्यात कललेलं. हे कुणी शाळेत शिकवलेलं नव्हतं, दहा वर्षाच्या पोराला यायचं. मला आता येत नाही आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण आजा असताना मी विचारून घेतलं नाही.

शेवंती

माणदेशी दादा, छान लिहिलंत. माझ्या आजीच्या तोंडून ऐकलेलं घालते, बायकांची वेळ वेगळीच असायची हो. पहाटेचं दळण हे घड्याळच. "पायलीचं दळण होईस्तोवर" म्हणजे किती वेळ ते आळीतल्या सगळ्या बायकांना माहीत, कारण जातं प्रत्येकीच्या हातात. कुणाच्या घरातलं जातं थांबलं की शेजारीण म्हणायची उजाडायला आलं. भाताला एक कढ येईपर्यंत, डाळ मऊ होईपर्यंत, एक माळ जपून होईपर्यंत. डोळे मिटून १०८ मणी ओढणारी म्हातारी माझ्या लहानपणी मी बघितलीय, तिची माळ रोज तेवढ्याच वेळात व्हायची.

आणि कृष्णाकाठ दादा, बाळंतिणीच्या खोलीत काही जोशी बसलेला नसायचा. आजी सांगायची, सुईण आणि घरातली एखादी जाणती बाई आत, पुरुष माणसं बाहेर ओटीवर, बाळ बाहेर आलं की आतून ताट वाजवायचे नाहीतर हाक द्यायचे, मग ओटीवरचा कुणीतरी जोशाकडे पळत जायचा, आणि जोशी त्या वेळची घटका बघून उलटा हिशोब करून वेळ लिहायचा. तोवर बाळाची नाळ कापून, अंघोळ सुद्धा झालेली असायची. म्हणून पंतोजी काका म्हणतात ते खरं, २२ पळे कोणी मोजली असतील असं मला वाटत नाही. आतल्या बाईला त्या वेळी बाळ रडलं का आणि आई शुद्धीवर आहे का याचीच काळजी असणार.

तांबटआळी

मी घटिकापात्र घरी करून बघितलंय म्हणून लिहितोय. आमच्या घरात तांबटकाम होतं, वडिलांचं दुकान होतं, मी आता वेगळी नोकरी करतो पण हात अजून चालतो.

तांब्याची पातळ पत्र्याची वाटी घेतली, बुडाला खिळ्याने भोक पाडलं आणि बादलीत सोडली तर सहा-सात मिनिटांतच बुडाली. भोक मोठं झालं होतं. मग ते आतून ठोकून बारीक केलं, अगदी शिवणाच्या सुईचं टोक जाईल एवढं, तेव्हा १९ मिनिटं आली. अजून बारीक केलं तर २६. मग परत जरासं घासून २४ वर आणायला मला दोन रविवार लागले. आणि जमलं तेव्हा वाटलेलं ते शब्दांत सांगता येणार नाही, वाटी काठापर्यंत आली की क्षणभर थांबल्यासारखी होते, पाण्याचा काठ फुगतो आणि मग गुडुप आवाज करून एकदम खाली जाते. त्या आवाजाने माणूस जागा व्हावा असा आवाज आहे तो.

यातली अक्कल बघा. भांड्यातून पाणी खाली गळू दिलं तर सुरुवातीला जोरात गळतं आणि पाणी कमी झालं की हळू होतं, मोजमाप सारखं राहत नाही. इथे वाटी तरंगते आणि भरताना स्वतःच खाली खाली जाते, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक साधारण तेवढाच राहतो, आणि पाणी बऱ्यापैकी एका चालीने चढतं. ज्याने पहिल्यांदा हे उलटं करून बघितलं त्याला माझा दंडवत.

अडचणी पण सांगतो. आमच्याकडे बोअरचं पाणी, दोन महिन्यांत भोकाला क्षार धरला आणि घटका लांबायला लागली. गरम पाण्यात ती लवकर बुडते, गार पाण्यात उशिरा. म्हणजे जोशाला वाटी चिंचेने घासून ठेवावी लागत असणार आणि पाणी रोज तेच, त्याच सावलीतलं. काळजी घेतली तर दिवसभरात फरक घटकेच्या आत राहतो, हे मी स्वतः एका सुट्टीच्या दिवशी सूर्योदय ते सूर्यास्त बसून बघितलंय.

गिरगावकर

तुमच्या पत्रातल्या "दोन वेळा" बद्दल मी सांगतो, कारण हा माझा फार जिव्हाळ्याचा विषय आहे आणि मुंबईत राहणाऱ्या कितीतरी लोकांना हे माहीत नाही.

आधी मूळ मुद्दा. सूर्य पूर्वेकडच्या गावाला आधी डोक्यावर येतो, एका रेखांशाला चार मिनिटं. त्यामुळे प्रत्येक गावचे बारा वेगळे. मुंबईत बारा वाजले की पुण्यात बारा वाजून चार मिनिटं, सोलापुरात बारा वाजून बारा, नागपुरात जवळजवळ बारा पंचवीस. बैलगाडीने जाणाऱ्याला याने काही फरक पडत नव्हता. फरक पडला तो आगगाडी आणि तारेमुळे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, १४ डबे, ४०० पाहुणे आणि २१ तोफांची सलामी, हे सगळ्यांना माहीत असतं. १८५८ ला खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रूळ झाले पण बोरघाट पोखरायचा राहिला होता, म्हणून १८६३ पर्यंत खोपोलीला उतरायचं, डोलीने किंवा तट्टावरून घाट चढायचा आणि खंडाळ्याला परत गाडीत बसायचं. वेळापत्रक आलं तसं मग सगळ्या स्टेशनांना एकच वेळ लागणार, नाहीतर एकाच रुळावर समोरासमोर गाड्या यायच्या. मुंबईची घ्यावी तर कलकत्ता मान्य करेना, कलकत्त्याची घ्यावी तर मुंबई. मद्रास दोघांच्या मधे आणि तिथे १७९२ पासूनची वेधशाळा होती, तारेने रोज वेळ कळवता येत होती. म्हणून १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रास टाईम धरला. तो मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. तुमचे पूर्वज शहरातलं घड्याळ बघून निवांत निघाले असणार आणि स्टेशनावर पोचले तेव्हा तिथलं घड्याळ अर्धा तास पुढे. गाडी गेलीच.

आणि शके १८०४ म्हणजे १८८२, त्या वर्षी तर मुंबईत यावरून मोठं वादळ चालू होतं. आदल्या वर्षी गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच) यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाईम लावला. लोकांनी तो मानला नाही. आमच्या डोक्यावर सूर्य आला की बारा, तुमच्या हुकमाने साडेबारा का म्हणायचे, असा साधा सवाल होता. शहर ऐकेना, १८८३ मध्ये सरकारला हुकूम मागे घ्यावा लागला. मला यात लोकांची बाजू शंभर टक्के पटते.

राजाबाई टॉवर तेव्हा नवाकोरा होता. प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, आईचं नाव द्यायचं म्हणून राजाबाई, १८६९ ला काम सुरू झालं आणि १८७८ ला पुरं झालं, उंची २८० फूट. नकाशा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. असं सांगतात की राजाबाईंना दिसत नव्हतं आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत जेवायचं, ते त्यांना टोल्यावरून कळायचं. खरं असो नसो, पण ज्या शहरात घरोघरी घड्याळ नव्हतं तिथे टोला ऐकून जेवणारी माणसं हजारोंनी असणार. त्याच्या आधी शहराभोवती कोट होता तेव्हा संध्याकाळी दरवाजे बंद व्हायचे, बाजार गेट, चर्च गेट, अपोलो गेट, आणि तोफेच्या आवाजावर शहर चालायचं. कोट १८६० नंतरच्या दशकात पाडला. कुलाब्याला कंपनी सरकारने १८२६ मध्ये वेधशाळा काढली ती जहाजांना बरोबर वेळ मिळावी म्हणूनच.

गिरणीतल्या लोकांचं तर अजून वेगळं. विजेचे दिवे यायच्या आधी गिरणी उजाडल्यापासून काळोख पडेपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यात कामाचा दिवस मोठा आणि पगार तेवढाच. भोंगा हेच घड्याळ. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवली, १० जून १८९० पासून. तोवर कामगाराच्या आठवड्याला शेवटच नव्हता.

पुढे १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय वेळ, म्हणजे स्टँडर्ड टाईम आली, ती मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटं पुढे. महापालिकेने मात्र मुंबई टाईम पुढे कितीतरी वर्षं धरून ठेवला. माझी आजी लग्नपत्रिकेवर स्टँडर्ड टाईम लिहिलंय का ते आधी बघायची. लहानपणी मला ते कळायचं नाही.

कृष्णाकाठ

अरे काय सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी, मी काल रात्री सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. गिरगावकर, गाडी का चुकली हे १४० वर्षांनी कळलं, वडील तर म्हणाले मी लहानपणापासून ही गाडी चुकल्याची गोष्ट ऐकत आलोय आणि आम्हाला वाटायचं गावाकडचा माणूस मुंबईत गोंधळला. गोंधळ त्यांचा नव्हताच.

पण आजीने एक गोष्ट सांगितली आणि त्यामुळे मी पुन्हा अडलोय. आजीला तिच्या सासूने सांगितलेलं, की बाळ झालं तेव्हा देवळातून सुंठवडा घेऊन माणसं घरी परतत होती, आणि म्हणून नाव रामचंद्र ठेवलं. म्हणजे रामनवमी. तिथी डागाखाली आहे त्यामुळे खात्री करता येत नाही. आणि रामजन्म तर बाराला असतो, सुंठवडा लगेच वाटतात, मग पंतोजींच्या हिशोबाने दुपारी दीडच्या आसपास कसं काय? का आजीची गोष्ट नंतर जुळवलेली आहे?

पंतोजी

कृष्णाकाठ, आजींना माझा नमस्कार सांगा, त्यांचं बरोबर आहे.

मी तुम्हाला आजच्या घड्याळाची वेळ दिली होती. गिरगावकरांनी वर लिहिलंय तेच लावा. आजचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावरचं, वाई जवळजवळ ७३.९ वर, फरक साधारण ३४ मिनिटांचा. म्हणजे १८७१ साली वाईच्या आपल्या वेळेने ते १२ वाजून ५० मिनिटांच्या आसपास होतं.

पण घड्याळ सोडाच, घटकांतच बघा. मार्चअखेर तुमच्याकडे दिवस रात्रीपेक्षा जरा मोठा, दिनमान ३० घटी ४० पळं धरा. त्याचं निम्मं १५ घटी २० पळं, तो मध्यान्ह, तोच रामजन्म. तुमच्या पत्रिकेत १७ घटी २२ पळं. म्हणजे रामजन्मानंतर दोन घटका आणि दोन पळं. पाळणा, आरती, मग सुंठवड्याला रांग, आणि माणसं देवळातून निघाली. पाऊण तासाच्या वर थोडं, अगदी तेवढाच वेळ लागतो आजही.

तिथीचं म्हणाल तर पुनर्वसू वाचता आलंय ना, मग झालं. चैत्र शुद्धात पुनर्वसू येतं ते नवमीच्याच आगेमागे, रामाचं नक्षत्र तेच. कागद खिडकीच्या काचेवर धरून मागून उजेड येईल असा फोटो काढा, नवमीतला व किंवा म कुठेतरी दिसेल.

आणि शेवंतीताई, तुमचं म्हणणं मला मान्य आहे तरी या एका पत्रिकेपुरता मी माझं म्हणणं थोडं मागे घेतो. एरवी बाळ झाल्यावर पळत जाऊन जोशाला शोधावं लागलं असतं, तो शेतात असेल नाहीतर दुसऱ्या गावाला. पण रामनवमीला मध्यान्ह चुकून चालत नाही, त्यामुळे सकाळी सूर्य उगवल्यापासून देवळात घंगाळ मांडलेलं असणार आणि जोशी तिथेच बसलेला असणार. रामजन्मासाठी मांडलेली वाटी अजून पाण्यात होती, आणि तुमच्या घरचा माणूस धावत तिथे आला. माझा तरी असाच अंदाज आहे.

शेवंती

पंतोजी काका, अंगावर काटा आला वाचताना. पाण्यात वाटी अर्धी भरलेली आणि निरोप येतोय.

तांबटआळी

अर्धी नाही ताई. १७ घटका पुऱ्या झाल्या होत्या आणि २२ पळं, म्हणजे अठराव्यांदा सोडलेली वाटी एक तृतीयांशाच्या जरा वर भरलेली असणार. माझ्या वाटीत तेवढं पाणी आलं की काठ पाण्यापासून तीन बोटं वर असतो. कृष्णाकाठ, पत्ता मेसेज करा, तुमच्या आजींसाठी एक वाटी ठोकून पाठवतो, २४ मिनिटांची.

कृष्णाकाठ

आत्ता फोटो काढला, सकाळच्या उन्हात काचेवर धरून. डागाखाली "वम्यां" एवढं दिसतंय. आजीला दाखवलं तर ती म्हणाली मी काय वेगळं सांगत होते. दादा, पत्ता पाठवलाय.